काठ आणि शिवण : यवतमाळच्या विणकाम वर्गातला एक दिवस

पहाटे साडेपाच

यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलं आहे. मे महिन्यात या उंचीचा कुणाला फारसा उपयोग होत नाही, पण डिसेंबरात वर्धा-चंद्रपूरकडचा पाहुणा एसटीतून उतरला की चहाच्या आधी शाल मागतो. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे हे महिने माझ्या कामाचे. वाघापूरला घराच्या पुढच्या खोलीत मी विणकाम शिकवते आणि बाळंतविड्याच्या ऑर्डरी घेते. स्वेटर, टोपरं, पायमोजे आणि वेळ असेल तर एखादी छोटी शाल.

चहा उकळेपर्यंत रात्री सुईवर ठेवलेले टाके मोजायचे, हे दिवसाचं पहिलं काम. आज सुईवर दारव्ह्याच्या एका आजीबाईंनी येणाऱ्या नातवंडासाठी सांगितलेल्या स्वेटरची पाठ आहे. पासष्ट टाके हवेत आणि पासष्टच आहेत. हा आकडा कुठून आला ते नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी पाटीवर मांडून दाखवते. चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या, सुया घेतल्या की दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २८ टाके बसतात. इंचाला सात. तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा घेर १८ इंच धरला तर पाठीला नऊ इंच. नऊ साते त्रेसष्ट, शिवणीत जाणारे दोन मिळवून पासष्ट.

या हिशेबासाठी आधी एक लहान चौकोनी तुकडा विणून तो पट्टीने मोजावा लागतो. बहुतेकींना ती लोकरीची नासाडी वाटते. पण सैल हाताच्या बाईचे इंचाला सहाच टाके बसतात, आणि मग तेवढ्याच टाक्यांचा स्वेटर २१ इंचांचा होतो. तो बारशाला घालायचा म्हणून केलेला असतो आणि बाळाला येतो वर्षाच्या वाढदिवसाला.

सकाळी साडेसात

गच्चीवर ऊन आलं की मी शिवणीचं काम काढते. दिव्याच्या उजेडात शिवण करू नये, गडद रंगाची तर मुळीच नाही. या वेळी कॉलेजात शिकणारी एक मुलगी येते. तिचा मरून रंगाचा स्वेटर विणून झाला आहे. पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या, असे पाच तुकडे तिने सतरंजीवर मांडले.

"काकू, विणून तं झालं सारं. आता जोडाले किती वेळ लागन?"

"अख्खी सकाळ."

"बाप्पा! मंग मशीनवर टीप मारून आणू काय?"

हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो, म्हणून त्याचं उत्तर मी सविस्तर देते. विणलेलं कापड ओढलं की लांबतं, मशीनचा दोरा लांबत नाही. चार वेळा स्वेटर घातला-काढला की दोरा काखेत तुटतो. शिवाय मशीनचा दाब कापड पुढे ढकलत नेतो आणि नीट विणलेली सरळ कड पसरून वाकडी होते. महिनाभराचं काम दहा मिनिटांत बिघडतं.

हाताने जोडायच्या दोन रीती आपल्याकडे घरोघरी चालत आल्या आहेत. एकीत दोन्ही कडा एकावर एक धरून वरून दोरा गुंडाळत जातात. दुसरीत आतून उलटी टीप घालतात. पहिलीत बाहेरून दोऱ्याचे तिरपे वेढे दिसतात. दुसरीत आत जाड कणा तयार होतो आणि तो बाळाच्या काखेला घासतो. खांद्यावर थोडा कणा चालतो, उलट त्याने खांदा लोंबत नाही. बाजूच्या शिवणीला मात्र मी तिसरी रीत शिकवते. इंग्रजी पुस्तकांत तिला मॅट्रेस स्टिच म्हणतात. दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवायचे. कडेचा पहिला टाका आणि त्याच्या आतला दुसरा टाका बोटांनी हलकेच दूर केले की मध्ये आडवे दोरे दिसतात, दर ओळीला एक. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्यायची. ती उजवीकडच्या एका आडव्या दोऱ्याखालून काढायची, मग डावीकडच्या, मग पुन्हा उजवीकडच्या. दोन-तीन इंच झाले की दोरा सावकाश ओढायचा. दोन्ही कडा आत वळतात आणि जोड बाहेरून दिसेनासा होतो.

तिने दोरा ओढला आणि कापड उलटसुलट करून जोड शोधू लागली. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे होतो, कारण हे पाहिलेली मुलगी पुन्हा कधी मशीनचं नाव काढत नाही.

पण ही शिवण ओळीला ओळ मागते. बॉर्डरपासून मुंढ्यापर्यंत पाठीच्या ७० ओळी असतील तर पुढच्या भागाच्याही ७० च हव्यात. पट्टीने दोन्ही दहा इंच भरले तरी ओळी कमीजास्त असतात, कारण एक भाग आपण गप्पा मारत विणलेला असतो आणि दुसरा चिंतेत. म्हणून मी वर्गात पट्टी फक्त रुंदीला वापरू देते. लांबीला ओळी मोजायच्या आणि दर दहा ओळींना वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा.

जोडण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी खांदे. खांद्याचे टाके बंद न करता सुईवरच ठेवले असतील तर फार उत्तम. दोन्ही सुया शेजारी धरून, सुलट बाजू आत ठेवून, तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद करत जायचं. मग गळ्याचे टाके उचलून गळ्याची बॉर्डर. मग बाही, तिचा मध्य खांद्याच्या जोडावर आणून टाचण्या लावून. शेवटी खालच्या बॉर्डरपासून काखेपर्यंत आणि तिथून बाहीच्या मनगटापर्यंत एकच लांब शिवण. दोरा वेगळा घ्यायचा नाही. टाके घालताना जी लांब शेपटी सोडली असेल तिनेच सुरुवात करायची, म्हणजे काठाशी गाठ राहत नाही.

पायमोज्याच्या चवड्याला आणखी एक जोड लागतो. त्यात सुईवरच्या उघड्या टाक्यांतून दोरा असा फिरवतात की विणीची एक नवी ओळच तयार होते. इंग्रजीत तो लॉर्ड किचनर यांच्या नावाने ओळखला जातो. हे किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री. चवड्यावर शिवणीचा कणा नसला की बुटात बोटं सोलवटत नाहीत. बाळाच्या बोटांना तर त्याहून मऊपणा हवा.

दहा वाजता

आंघोळ, पूजा, स्वयंपाक. दोन फोन आले. एकीला पंधरा दिवसांत दोन सेट हवे होते. नाही म्हटलं. घाईत विणलेली बॉर्डर पहिल्या धुण्यातच सैल पडते.

अकरा ते दीड

नव्या वर्गाची वेळ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून कळंब आणि बाभूळगावहूनही बायका येतात. त्याआधी वर्ग फक्त शहरातल्या बायकांचा होता. एका सरकारी निर्णयाने माझ्या खोलीतली सतरंजी अपुरी पडली, याचं मला मनापासून समाधान आहे.

बसल्या बसल्या प्रत्येकीच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात नमुना असतो. पानांची जाळी, वेणी, मोर.

"ताई, मले हे पाह्यजे. हेच शिकवा."

"शिकवीन. पण आज टाके घालायचे."

"टाके तं येते मले. माह्या मायनं शिकवले होते."

येतात, हे खरं असतं. बहुतेकींना एकच प्रकार येतो, दोन सुयांचा. सरफास घालून पहिला टाका करायचा, त्यातून दुसऱ्या सुईने लोकर ओढून काढायची आणि तो वेढा परत डाव्या सुईवर चढवायचा. सोपा, पटकन जमणारा आणि आयांनी, आज्यांनी शिकवलेला. त्याचा काठ मात्र थोडा मोकळा, फटी दाखवणारा होतो. त्यातच एक बदल केला, म्हणजे सुई टाक्यातून न घालता दोन टाक्यांच्या मधून घातली, तर काठ दोरखंडासारखा घट्ट बनतो. खिशाच्या तोंडाला, काजाला, पिशवीला तो उत्तम. टोपऱ्याला आणि मोज्याला अजिबात नको, कारण तो ताणला जात नाही आणि बाळाच्या कपाळावर लाल रेघ उमटवतो.

म्हणून पहिल्या दिवशी मी अंगठ्यावरचे टाके शिकवते. एकच सुई, डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर लोकरीची दोन टोकं, आणि सुई अंगठ्याच्या वेढ्यातून जाऊन तर्जनीवरची लोकर ओढून आणते. हा काठ लवचीक असतो आणि शिवाय त्यातच विणीची पहिली ओळ होऊन जाते. अडचण एकच, शेपटी किती सोडायची. कमी सोडली तर साठाव्या टाक्याला लोकर संपते आणि सगळं उसवून परत सुरुवात. तयार कापडाच्या रुंदीच्या तिप्पट लोकर सोडावी, त्यावर शिवणीसाठी हातभर अधिक. दहा टाके घालून ते उसवून किती लोकर लागली ते मोजलं तर त्याहून बिनचूक.

सगळ्याजणी टाके घट्ट घालतात. नव्या माणसाला वाटतं, घट्ट म्हणजे पक्कं. मी त्यांना दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायला लावते आणि मग एक सुई ओढून काढते. टाके आपोआप सैल राहतात आणि पहिली ओळ विणताना सुईचं टोक घुसवायला जोर करावा लागत नाही. शिकायला मी फिकट रंग आणि ८ नंबरच्या जाड सुया देते. काळ्या किंवा मरून लोकरीत टाका दिसत नाही, आणि न दिसलेला टाका शिकता येत नाही.

तिसराही एक प्रकार आहे, बोटाने फासा देऊन सुईवर नुसता अडकवायचा. तो सुरुवातीला वापरू नये. पण मध्येच बाहीसाठी कडेला टाके वाढवायचे असतील, एका अंगाचं झबलं विणायचं असेल, तर तोच कामाला येतो. ज्या बाईला हे तिन्ही येतात आणि कुठे कोणता ते कळतं, ती माझ्या लेखी विणकर. मोराचा नमुना कुणीही आकडे मोजून काढू शकतं.

मोराचा मोबाइल एकीने पिशवीत ठेवला. चाळीस टाके घातले, उसवले, पुन्हा घातले. दीड वाजेपर्यंत एवढंच झालं. शेजारच्या खोलीत दोघींची लेकरं झोपली होती, ती उठली तेव्हा वर्ग सुटला.

दीड

तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या आहेत. आज सोलेभात.

दोन ते साडेचार

दुपारचा वर्ग बॉर्डरचा. पुस्तकात त्याला रिब म्हणतात, पण इकडे सगळ्या घरांत बॉर्डरच म्हणतात आणि मीही तेच म्हणते. एक सुलट, एक उलट. ऐकायला इतकं सोपं, आणि नव्या बाईचा धीर सर्वात जास्त इथेच सुटतो.

"ताई, चाळीस टाके होते. आता सत्तेचाळीस कसे झाले वं?"

कारण जवळजवळ नेहमी एकच. सुलट टाका विणताना लोकर कामाच्या मागे असते, उलट टाका विणताना पुढे. दर टाक्याला ती दोन सुयांच्या मधून इकडून तिकडे न्यावी लागते. ती सुईवरून नेली की एक वेढा सुईवर बसतो आणि पुढच्या ओळीत टाका बनून उभा राहतो. जाळी विणताना हाच वेढा आपण मुद्दाम घालतो. बॉर्डरमध्ये तो नकळत पडतो आणि तिथे भोक दिसतं. हे एकदा तिच्या स्वतःच्या सुईवर दाखवलं की ती आयुष्यभर विसरत नाही, म्हणून मी पाटीवर समजावत नाही, प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे टाका वाचणं. "सुलट-उलट, सुलट-उलट" असं तोंडाने म्हणत विणणारी बाई, दारावर कुणी आलं की विसरते. मग ती उलटावर सुलट विणते आणि बॉर्डरच्या जागी ठिपक्यांची साबुदाणा वीण तयार होते. दिसायला ती सुंदर, पण ताणाला निरुपयोगी. पाठ म्हणू नका, पाहा. ज्या टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते तो तुमच्या बाजूने उलट, ज्याच्या दोन तंगड्या खाली जुळलेल्या दिसतात तो सुलट. समोर जे दिसतं तेच विणायचं. टाके सम असतील तर प्रत्येक ओळ सुलटने सुरू होते. विषम असतील तर एक ओळ सुलटने, दुसरी उलटने. स्वेटरच्या पाठीला मी विषम धरते. दोन्ही कडांना सुलट टाका येतो, आणि बॉर्डरपुरती शिवण अर्ध्या-अर्ध्या टाक्यात घातली की दोन अर्ध्यांचा मिळून एक पूर्ण सुलट टाका होतो. जोड कुठे आहे ते शिवणारीलाही सापडत नाही.

बॉर्डर ताणली का जाते, हा प्रश्न विचारणारी बाई मला फार आवडते. सुलट टाक्यांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे सरतात, आणि कापड बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्या घालून बसतं. ओढलं की घड्या उघडतात, सोडलं की मिटतात. लोकरीचा ताण त्यात थोडी भर घालतो, पण मुख्य काम घड्यांचं. दोन सुलट, दोन उलट घेतले तर घड्या खोल होतात आणि पकड वाढते. टोपऱ्याला मी तीच घेते. बारा इंच घेराला सात टाक्यांच्या हिशेबाने ८४, आणि शिवणीजवळ रांग मोडू नये म्हणून दोन जास्त, एकूण ८६.

बॉर्डर नेहमी दोन नंबर बारीक सुयांवर विणायची. अंग १० वर, तर बॉर्डर १२ वर. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर पावणेतीन. सुया न बदलता विणलेली बॉर्डर पहिले काही दिवस ठीक दिसते, मग मनगटावर झालरीसारखी उघडते.

बंद करतानाही तोच विचार. टाके सुलटावर सुलट, उलटावर उलट विणतच बंद करायचे, आणि मोठ्या सुईने, सैल हाताने. नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा घेराने थोडं मोठं असतं, साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर. गळा घट्ट बंद केला तर स्वेटर डोक्यातून जात नाही आणि आई तो परत कधी घालत नाही. खांद्यावर दोन बटणं ठेवली की हा प्रश्न मिटतो.

उलट टाक्याला फार मोठा इतिहास आहे. १५६२ मध्ये वारलेल्या टोलेडोच्या एलेओनोरा या फ्लॉरेन्सच्या डचेसबरोबर तिचे रेशमी पायमोजे पुरले होते, आणि त्या विणीत उलट टाके आहेत. उलट टाक्याशिवाय बॉर्डर नाही. हे सांगितलं की वर्गात क्षणभर सुया थांबतात.

या वर्गात कळंबकडची एक बाई आहे. कापसाची वेचणी चालू असते तेव्हा ती बाजाराच्या दिवशीच येते. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून तिची बोटं खरखरीत झालेली असतात आणि लोकरीचे तंतू त्यांत अडकतात. मी तिला खोबरेल तेल चोळून फडक्याने पुसून मग सुया धरायला सांगते. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेचायची सवय असल्याने तिचे हात एकमेकांची वाट पाहत नाहीत. वर्गातली सर्वात एकसारखी बॉर्डर तिची आहे.

साडेचार

लोकर घ्यायला मेन लाईनच्या बाजारात. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबरासोबत लॉटचा नंबर असतो, तो एक असल्याशिवाय घ्यायचं नाही. एकाच रंगाच्या दोन लॉटांत उन्हात फरक दिसतो आणि बाही वेगळी पडते. स्वेटरला लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्तच घ्यावा.

हिवाळ्यात विदर्भातल्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. त्यांचा माल बहुतांशी लुधियानाचा, यंत्रावर विणलेला. मी वर्गातल्या बायकांना त्या दुकानांत जाऊन स्वेटर आतून पाहायला सांगते. यंत्राच्या विणीला कमी लेखायचं कारण नाही. विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडात मोजे विणायचं यंत्र बनवलं, म्हणजे ही विद्याही चारशे वर्षांहून जुनी आहे. पण स्वस्त मालात तुकडे थानातून कापून कडा मशीनने गुंडाळलेल्या असतात. तो दोरा एका ठिकाणी तुटला की कापलेली वीण सुटू लागते. हाताने विणलेल्या तुकड्याची कड कापलेली नसते, ती मुळातच पूर्ण असते. बाळ मोठं झालं की असा स्वेटर उसवून त्याच लोकरीत दुसरा विणता येतो.

सहा

परतताना कापसाच्या गाड्या. जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर कापूस होतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूर जातात. याच कापसासाठी इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे टाकली गेली. आज लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचं कापड बनतं. पण मी विणते ती लोकर पंजाबातून येते, आणि नावाला लोकर असली तरी बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. सुती विणकामाचा दोराही माझ्या दुकानदाराकडे परगावाहून येतो. कापसाच्या जिल्ह्यात हे मला सलतं.

विणकामाचे जे फार जुने नमुने आज संग्रहालयांत आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे आहेत, मध्ययुगातले. सुती धाग्यावर ही कला शतकानुशतकं चालत आली आहे, आणि आपल्या हवेला सूतच मानवतं. यवतमाळात पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी बाळ अ‍ॅक्रिलिकमध्ये घामाघूम होतं. म्हणून निदान टोपरं आणि आतलं झबलं सुती विणावं, असं माझं ठाम मत आहे.

सुतावर हात मात्र नव्याने बसवावा लागतो. सूत ताणलं जात नाही, त्यामुळे बॉर्डरला फक्त घड्यांचा आधार उरतो. सुया आणखी एक नंबर बारीक घ्यायच्या आणि सुलट टाका मागच्या बाजूने विणायचा, म्हणजे त्याला पीळ बसतो आणि रांग ताठ राहते. सुतावर हात बसलेल्या बाईसाठी एक कामही आहे. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बायकांना सुती धाग्याचे, हाताने विणलेले कृत्रिम स्तन विनामूल्य देते. ते त्वचेला लागून दिवसभर घालायचे असतात, म्हणून तिथे सूतच हवं. एक टाका टोचला तर तो जखमेच्या जागी टोचतो. माझ्या वर्गातल्या बायकांनी हे काम हाती घ्यावं, अशी माझी इच्छा आहे.

रात्री नऊ

जेवणं आटोपली की दारव्ह्याची पाठ पुन्हा हातात. सरळ विणीचा भाग रात्री चालतो, त्याला डोळे फार लागत नाहीत. मुंढ्याला टाके कमी करायचे तेवढे सकाळसाठी ठेवते.

एका सेटला माझे वीस-बावीस तास जातात. त्यातले चार-पाच तास बॉर्डर, गळा आणि शिवण यांचे, आणि स्वेटर टिकतो तो त्याच तासांवर. गिऱ्हाईक मात्र विचारतं, "लोकर किती लागली?" आणि लोकरीच्या वजनावर मजुरी सांगू पाहतं. शेतात वेचणीची मजुरी किलोवर असते, तशीच घरात विणणाऱ्या बाईचीही तोळामाशावर. तान्ह्या बाळाच्या सेटला लोकर लागते दीड-दोनशे ग्रॅम, म्हणजे वजनावर गेलं तर बारीक, नाजूक, अवघड काम सर्वात स्वस्त ठरतं. मी तासांवर दर सांगते. काही जणी परत जातात. ज्या थांबतात त्यांना मी स्वेटर उलटा करून आतली बाजू दाखवते.

तुम्हीही तसंच पाहा. बाळंतविड्यासाठी हाताने विणलेला स्वेटर घ्याल तेव्हा नमुना नंतर बघा. आधी तो उलटा करून काखेची शिवण बोटाने चाचपा, मनगटाची बॉर्डर ओढून सोडा आणि ती परत मिटते का ते पाहा, खालचा काठ ताणून बघा. तिन्ही नीट असतील तर विणणारीला तिच्या तासांचे पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि स्वतः शिकायचं असेल तर फिकट रंगाचा चार पदरी गुंडा आणि ८ नंबरच्या सुया घेऊन या. वर्ग अकराला सुरू होतो.